मोटार-मोबाइलचा अबोला

वाचकहो, दिवाळीच्या प्रवासासाठी सारी मंडळी मोटारीत बसावीत आणि नेमकी तेव्हाच स्टिरिओने मोबाइलला ओळख देऊ नये, हा अनुभव घरोघरचा! यजमान स्टिरिओवर चिडतात. पण बिघाड बहुधा यंत्रात नसतो, ओळखीत असतो.

दहाव्या शतकातील डॅनिश राजा हॅराल्ड याच्या टोपणनावावरून 'ब्लूटूथ' हे नाव पडले. पहिल्या जोडणीच्या वेळी मोबाइल आणि स्टिरिओ एक गुप्त किल्ली ठरवतात व दोघेही ती जपून ठेवतात. एकाकडची हरवली, की दुसऱ्याकडची निरुपयोगी. म्हणून नोंद नुसती मोबाइलमधून पुसून भागत नाही. स्टिरिओच्या यादीतूनही पुसावी. मग दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत आणि नव्याने जोडावेत.

तत्पूर्वी एक पाहावे. मागे बसलेल्या चिरंजीवांचा मोबाइल तर आधीच जोडला गेलेला नाही ना? फोनवरचे बोलणे ऐकू येते, पण गाणे नाही, असे झाल्यास मोबाइलमध्ये त्या स्टिरिओच्या नोंदीत 'मीडिया ऑडिओ' चालू करावे. दोहोंच्या वाटा निराळ्या असतात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. ही खटपट मोटार रस्त्याच्या कडेला उभी करूनच करावी. आणि मोटार विकताना स्टिरिओतील सर्व नोंदी पुसाव्यात. कित्येक स्टिरिओ मोबाइलमधील नावे व नंबर उतरवून घेतात. मोटारीबरोबर आपले सगेसोयरेही परक्याच्या हवाली कशाला करायचे?