पायाची नाडी पाहिलीत का?

सातव्या दिवशी अकीका. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाळ या हातातून त्या हातात. दूध ओढता ओढता ते थकतंय, त्याला धाप लागतेय, घाम येतोय, पाय गार पडलेत, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात येत नाही. आलंच तर ‘नजर लागली’ म्हणून मिरच्या ओवाळतात. तेवढ्यात मोलाचे तास निघून जातात, म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. काही बाळांत ती जन्मतःच एका जागी चिमटलेली असते. डॉक्टर याला ‘कोआर्क्टेशन’ म्हणतात. डोक्याकडे आणि हातांकडे रक्त जोराने जातं, पोटाकडे आणि पायांकडे कमी पोचतं. आईच्या पोटात बाळाला एक जास्तीची रक्तवाहिनी असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटते आणि तोवर बरं दिसणारं बाळ एकाएकी खालावतं. ती वाहिनी उघडी ठेवणारं इंजेक्शन मिळतं, पण बाळ वेळेत दवाखान्यात पोचलं तरच.

चिमटा सौम्य असेल तर मूल शाळेत जातं, खेळतं. फक्त डोकं दुखतं, नाकातून रक्त येतं, धावल्यावर पाय भरून येतात. तपासणी मात्र सोपी आहे: जांघेतली नाडी हाताला लागते का, आणि हात व पाय यांच्या रक्तदाबात फरक आहे का. शंका आली की टू-डी इको.

ऑक्टोबर १९४४मध्ये स्टॉकहोमला डॉ. क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी बारा वर्षांच्या मुलाचा चिमटलेला भाग कापून दोन्ही टोकं जोडली. आजही मूळ पद्धत तीच. बहुतेक वेळा डाव्या बरगड्यांमधून जातात, हृदय उघडावं लागत नाही. मोठ्या मुलांत काही वेळा फुगा किंवा स्टेंटही चालतो. जोखीम आहेच, ती डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावी. पण ‘मुलीच्या अंगावर व्रण राहील, पुढे निकाहाचं काय?’ म्हणून थांबू नये. व्रण कपड्याखाली झाकतो. वाढलेला रक्तदाब हृदय आणि मेंदू पोखरत राहतो. शस्त्रक्रियेनंतरही आयुष्यभर तपासणी हवी, कारण जागा पुन्हा अरुंद होऊ शकते.

पैशांची चिंता आम्ही जाणतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आपल्या शहरात घाटीच्या बालरोग विभागात दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला एकाच पिशवीत ठेवा.

दुआ करावीच. त्याबरोबर पुढच्या लसीच्या दिवशी डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘डॉक्टरसाहेब, बाळाच्या पायाची नाडी पाहिलीत का?’