खोक्यावरचे वॅट

कापसाचे चुकारे हाती पडले की आमच्या दारव्ह्याच्या बाजारातून दोन प्रकारचे खोके मोटरसायकलला बांधून हमखास गावाकडे जातात. एक टीव्हीचा, दुसरा ‘होम थिएटर’चा. दुसऱ्या खोक्यावर लाल अक्षरांत आकडा असतो, १०,००० वॅट. कधी १२,०००. त्याच्या शेजारी मुंगीएवढ्या टायपात ‘पीएमपीओ’. हिवाळ्यात गेलेला हा डबा पावसाळ्याच्या आसपास माझ्या टेबलावर येतो, कारण आयटीआय करून बाहेर पडल्यापासून मी रेडिओ, टेप आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीच करत आलो आहे. तो आकडा खोटा आहे, हे गिऱ्हाइकाला दुकानात एकेकट्याला सांगून मी थकलो. म्हणून आता लिहितो आहे.

खोटेपणा सिद्ध करायला चौथीतला गुणाकार पुरतो. डब्यासोबत आलेला अॅडॉप्टर उलटा करून वाचा. बहुतेक वेळा १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेलं असतं. गुणाकार २४. डब्यात २४ वॅटच्या वर वीज शिरतच नाही, तर बाहेर दहा हजार कुठून निघणार? उलट्या बाजूनेही करून पाहा. खरोखर १०,००० वॅट वीज ओढायची तर २३० व्होल्टवर ४३ अँपिअर करंट लागेल. घरातला सगळ्यांत मोठा, गिझरचा सॉकेट असतो १६ अँपिअरचा. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत मीटरजवळचा एमसीबी पडेल.

पीएमपीओ म्हणजे एखाद्या निमिषापुरता कागदावर काढलेला कमाल आकडा. तो कसा काढायचा याचं सर्वमान्य माप नाही, त्यामुळे ज्याची जेवढी छाती तेवढा त्याचा आकडा. विचारायचा असतो तो आरएमएस, म्हणजे अॅम्प्लिफायर सलग, आवाज न फाटता, एका चॅनलला किती वॅट देतो आणि ते किती ओमच्या स्पीकरवर. अमेरिकेत हाच घोळ माजला तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला, की घरगुती अॅम्प्लिफायरची ताकद जाहिरातीत सांगायची तर सलग मिळणारीच सांगायची. आमच्या बाजारात लाल अक्षरं अजून चालूच आहेत.

आमचा धंदाही धुतल्या तांदळासारखा नाही, हेही सांगतो. सान्योच्या ४४४० नंबरच्या आयसीवर बोर्ड जोडून, पत्र्याच्या डब्यात घालून, वर ‘१०० वॅट’चं स्टिकर लावून कितीतरी मेकॅनिकांनी विकले. त्या आयसीची माहिती खुद्द सान्योने छापली आहे, स्टिरिओत प्रत्येक बाजूला ६ वॅट, दोन्ही बाजू जोडल्या तर १९. पण गंमत अशी, की काळीपिवळी जीप, पानठेला, रसवंती, वरातीची मेटॅडोर, सगळीकडे हीच आयसी वाजत होती. एक पिढी सहा वॅटवर नाचली आणि कोणाची तक्रार आली नाही.

तेव्हा प्रश्न असा, की घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत लागतं किती? चांगला घरगुती स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ ते ८८ डेसिबल आवाज देतो. दोन स्पीकर असतील आणि तुम्ही समोरच्या दिवाणावर बसला असाल, तर एकेका वॅटमध्ये कानापर्यंत ऐंशीच्या आसपास डेसिबल पोचतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे आणि रात्रीची ४५. म्हणजे एका वॅटमध्ये घरात बोलणं बंद पडतं. मग जास्तीचे वॅट कशाला? तबल्याची थाप, ढोलकीचा ठेका, गाण्यातली एखादी उसळी सरासरी आवाजाच्या दहापट ताकद क्षणभर मागते, तिच्यासाठी. तेवढी जागा धरली तरी चॅनलला १५ ते २० खरे वॅट झाले की हिशेब मिटला. पुढे वॅट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दहापट करावे लागतात. विसाच्या जागी तिसाचा अॅम्प्लिफायर घेणाऱ्याला फरक खिशात कळतो, कानाला नाही.

जगात गाजलेला स्वस्त अॅम्प्लिफायर कोणता म्हणाल, तर १९७८च्या सुमारास आलेला नॅड कंपनीचा ३०२०. चॅनलला २० वॅट. त्याच्यापेक्षा दांडगे अॅम्प्लिफायर तेव्हाही ढिगाने होते, आज आठवतात त्यातले थोडे.

पण हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरत नाही. ‘भाऊ, आवाज असा पाह्यजे का शेजारच्याच्या मांडणीवरचे भांडे हलले पाह्यजे,’ असं मला तोंडावर सांगतात. आमच्या यवतमाळचा दुर्गोत्सव दूरवर गाजलेला. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर छातीत जो दणका बसतो तोच पोरांना घरात हवा असतो. मोकळ्या रस्त्यावरचा दणका टिनाच्या खोलीत आणला तर तिथे गाणं उरत नाही, पत्रा वाजतो.

मध्यंतरी एक निवृत्त गुरुजी आले. मुलाने दिलेलं होम थिएटर बंद पडलं होतं. उघडून पाहिलं तर आयसीवरचा नंबर खरवडून काढलेला, बोर्डावर गोंद ओतलेला. बदलायचं तरी काय आणि कशाने! मी टेबलावरचा छोटा अॅम्प्लिफायर आणि माझे जुने दोन स्पीकर जोडून दिले आणि काय ऐकता म्हणून विचारलं. वसंतराव देशपांडे, म्हणाले. आमच्या दारव्ह्यातून जाणारी शकुंतला रेल्वे ज्या मूर्तिजापूरला पोचायची, तिथे जन्मलेले वसंतराव. गुरुजींनी मोबाइलवर लावलं. अॅम्प्लिफायर तळहातावर उचलून म्हणाले, ‘हे काहून एवढं हलकं हाय?’ मग गप्प बसले. आलाप संपता संपता म्हणाले, ‘अन् हा तंबोरा आधी कुठी गेल्ता बाप्पा?’ तंबोरा कुठे गेला नव्हता. त्यांच्या डब्याचा वूफर सारखा घुमत होता, त्याच्याखाली तो गाडला गेला होता.

तो हलका डबा क्लास-डी जातीचा होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही आयसी त्यात असते आणि आज स्वस्तात घ्यायचं तर मी हीच सुचवतो. एक तर ती फारशी तापत नाही. घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरला जाते, आणि मे महिन्यात पारा ४४च्या पुढे सरकतो त्या आमच्या जिल्ह्यात ही मोठी गोष्ट आहे. जुने क्लास-एबी अॅम्प्लिफायर त्या दिवसांत हात लावू देत नाहीत. दुसरं, तिला साडेचार ते २६ व्होल्टपर्यंत काहीही चालतं. घरात लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा चार्जर पडला असेल तर त्याच्यावर आठ ओमच्या स्पीकरला वीसेक वॅट मिळतात. संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी असा चार्जर १०० व्होल्टपर्यंत तग धरतो. आणि लाइट गेली तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर आठ वॅटच्या आसपास. पण तीच लॅपटॉपची वायर कोणत्याही डब्यात खुपसू नका. त्या डब्यावर किती व्होल्ट चालतात ते आधी वाचा. नुसता बोर्ड पाचशे-हजारात मिळतो, ब्लूटूथसकट तयार डबा घेतला तर काही हजार. बोर्ड घेताना मेकॅनिककडून वाजवून, तापवून घ्या, कारण या आयसीच्या नकलाही निघाल्या आहेत.

जुन्या मालाचं मला वावडं नाही. कोलकात्याच्या सोनोडाइनचे, कॉस्मिकचे, नॉर्जचे अॅम्प्लिफायर अजून नागपूर-अमरावतीच्या जुन्या घरांतून निघतात. उचलताना हाताला जड लागतात ते आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे. फिल्टर कपॅसिटर बदलले, व्हॉल्यूमची खरखर साफ केली, की पुढची वीस वर्षं चालतील. जवळ मेकॅनिक नसेल तर मात्र त्या भानगडीत पडू नका.

भजनी मंडळाचा आहुजा घरी आणणारेही भेटतात. आहुजा कंपनी १९४० पासूनची आणि तिचं मशीन दणकट, यात वाद नाही. पण तो माइक आणि भोंग्यासाठी बनवलेला, एकाच चॅनलचा अॅम्प्लिफायर. त्याच्या मागे १०० व्होल्टची लाइन असते, लांबवर भोंगे जोडण्यासाठी. घरातला आठ ओमचा स्पीकर चुकून त्या टर्मिनलला लावला की कॉइल जळाल्याचा वास घरभर होतो आणि मग माझ्याकडे येता.

आता पैशाचं. आठ हजार खर्चायचे असतील तर अॅम्प्लिफायरला तीन द्या, स्पीकरला पाच. लोक उलटं करतात. गाणं शेवटी स्पीकरच्या कोनातून येतं, आयसीतून नाही. पेटी जाड प्लायवूडची हवी, बोटाने ठोकली तर ठणठण न वाजणारी. अॅम्प्लिफायरवर ४ ते ८ ओम लिहिलं असेल तर तेवढ्यातच राहा, एका चॅनलवर चार स्पीकर लटकवू नका. स्पीकर गोदरेजच्या कपाटावर ठेवू नका, फडताळाच्या कोपऱ्यात कोंबू नका. कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर, तोंडं तुमच्याकडे. टिनाच्या खोलीत समोरच्या भिंतीला एक गोधडी टांगून पाहा, फुकटात जो फरक पडेल तो हजार रुपयांच्या वायरने पडणार नाही. साधी दीड एमएमची तांब्याची वायर पुरते. वायरीवर पैसे उडवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ती श्रद्धेची बाब आहे.

घ्यायच्या आधी टीव्हीची पाठ बघून या. बऱ्याच नव्या टीव्हींना लाल-पांढरी पिन नसते, ऑप्टिकल असतं. मग मधे एक छोटा कन्व्हर्टर लागतो, तो आधीच हिशेबात धरा. आणि मोठा अॅम्प्लिफायर असेल तर स्विच दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी आतून ‘टक्’ असा रिलेचा आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर बिघाड झाला तरी स्पीकर वाचण्याची सोय आत आहे.

घुंऽऽ असा सलग आवाज येतो म्हणून जे अॅम्प्लिफायर माझ्याकडे येतात, त्यातल्या पुष्कळांत काहीच बिघडलेलं नसतं. घराची अर्थिंग मेलेली असते. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, कोणी मीठ-कोळसा बदलत नाही, पाणी ओतत नाही. थ्री पिनची मोठी पिन तोडून टू पिनच्या बोर्डात घुसवणारेही आहेतच. तो घुमणारा आवाज म्हणजे अॅम्प्लिफायरने केलेली तक्रार आहे, ऐका. डब्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर गाणं बंद करून आधी वायरमनला बोलवा. मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की प्लग उपटून ठेवा. जूनमध्ये माझा धंदा त्यामुळे तेजीत असतो, तरीही सांगतो.

राहिला लाल आकडा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग यवतमाळलाच आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली नसली तर आपण कृषी केंद्रवाल्याची हजेरी घेतो. अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर खरे वॅट, चॅनलनिहाय आणि किती ओमवर ते छापलेच पाहिजेत, अशी सक्ती सरकारने करावी. एका आदेशाने होणारं काम आहे. ते होईपर्यंत तुम्ही एवढं करा. अॅडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार दुकानातच करा आणि आरएमएस वॅट पक्क्या पावतीवर लिहून मागा. दुकानदार लिहून देत नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि शेजारच्या दुकानात जा.