कायद्याने गाळलेले अर्धे वाक्य

चंदीगडच्या एका शासकीय आश्रयगृहात राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका अनाथ तरुणीवर बलात्कार झाला आणि तिला दिवस गेले. तिचा गर्भपात करण्याची परवानगी प्रशासनाने मागितली व जुलै २००९ मध्ये उच्च न्यायालयाने ती दिली. त्या तरुणीला मात्र मूल हवे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बौद्धिक अपंगत्व म्हणजे मनोविकार नव्हे, आणि सज्ञान स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही, असा निर्वाळा त्या न्यायालयाने २८ ऑगस्ट २००९ रोजीच्या सविस्तर निकालपत्रात दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने एका मुलीला जन्म दिला.

या निकालातील एक तपशील सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. आई व मूल यांच्या देखभालीस साहाय्य करण्याची हमी राष्ट्रीय न्यासाने न्यायालयाला दिली होती. ‘ही मूल सांभाळू शकेल काय?’ या प्रश्नाच्या जागी ‘हिला मूल सांभाळता यावे म्हणून इतरांनी काय करावयास हवे?’ असा प्रश्न आला आणि उत्तर पालटले. तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या पालकत्वाचा सारा वाद या दोन प्रश्नांमधील अंतरात सामावलेला आहे.

आपल्या समाजाला पहिला प्रश्नच अधिक परिचयाचा आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात सुरू झाल्या, आणि लोकक्षोभ झाल्यावरच त्या थांबल्या. स्वच्छतेची अडचण, लैंगिक अत्याचाराची भीती अशी कारणे तेव्हा पुढे करण्यात आली होती. अत्याचाराची भीती असेल तर पहारा वाढवावा की पीडितेचे अवयव काढावेत, हा साधा प्रश्न विचारण्यास नागरिकांना रस्त्यावर यावे लागले. आज २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार मोकळ्या व जाणत्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारा उपचार कोणावरही करता येत नाही. मूल होण्याचा हक्क निदान कागदावर तरी सुरक्षित झाला आहे. झालेले मूल जवळ ठेवण्याच्या हक्काचे काय?

मुलाच्या ताब्याचा निर्णय करताना न्यायालयाने मुलाचे कल्याण पाहावे, असे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सांगतो आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमही तेच सांगतो. हे तत्त्व निर्विवाद आहे. तथापि ‘कल्याण’ हा शब्द पोकळ भांड्यासारखा असतो. त्यात न्यायाधीशाचा विवेक जसा भरता येतो, तसा समाजाचा पूर्वग्रहही. अमेरिकेतील कार्नी खटला याची साक्ष देतो. पती-पत्नी विभक्त झाल्यावर दोन मुलांना वडिलांनीच वाढवले. १९७६ साली अपघातात त्यांचे हातपाय लुळे झाले. जवळजवळ पाच वर्षे मुलांकडे न फिरकलेल्या आईने ताबा मागितला आणि कनिष्ठ न्यायालयाने तो दिलाही. बाप मुलांबरोबर खेळू-पळू शकणार नाही, हा त्या निर्णयाचा एक आधार होता. १९७९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पालकत्वाचे सार चेंडू फेकण्यात नसून मुलाला मिळणाऱ्या नैतिक, भावनिक व बौद्धिक मार्गदर्शनात आहे. अपंगत्व हा विचारात घ्यावयाचा एक घटक असेल, पण केवळ त्यावरून अपात्रता गृहीत धरता येत नाही, असे त्या न्यायालयाने बजावले.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. धडधाकट आईबाप तरी मूल एकट्याने कोठे वाढवतात? आजी-आजोबा असतात, पाळणाघर असते, कामाला येणारी बाई असते, शाळेची बस व शिकवणी असते. पैसे मोजून किंवा नात्याच्या बळावर ही मदत आपण मिळवतो आणि तिला सोय म्हणतो. तीच मदत चाकाच्या खुर्चीतील आईला लागली की आपण तिला असमर्थता म्हणतो. मदतीची गरज ही पालक म्हणून नालायक असल्याची खूण असेल, तर नोकरी करणाऱ्या प्रत्येक दांपत्याची मुले काढून घ्यावी लागतील! मूल संस्थेत ठेवले तर खर्च वाचतो, हाही भ्रमच. तेथेही इमारत, अधीक्षक, काळजीवाहक, स्वयंपाकी हा खर्च आहेच. फक्त तो आईच्या घरात होत नाही, इतकेच.

यावर एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. आईला अपंगत्व असले की पुष्कळदा दहा-बारा वर्षांची मुलगीच घराची परिचारिका होते, आणि तिची शाळा सुटते. काही घरांत मुलांची खरोखर हेळसांड होते. हे नाकारणे म्हणजे मुलांवर अन्याय करणे होय. परंतु मुलीची शाळा सुटते ती आईच्या अपंगत्वामुळे की घरात दुसरा मदतनीस नसल्यामुळे? आई काढून घेतल्याने हा अभाव भरून निघत नाही. हेळसांड वा छळ झाल्याचा पुरावा असेल, आणि मदत देऊनही तो थांबत नसेल, तर मूल अवश्य दूर करावे. मात्र निर्णय वागणुकीवर व्हावा, वैद्यकीय दाखल्यावरील टक्केवारीवर नव्हे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये या विवेकाचा नमुना आहे. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडू नये. धोक्यामुळे तात्पुरते दूर करावे लागले तर त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा, असे तो सांगतो. याउलट २०१६ च्या अधिनियमाने एक विचित्र काटछाट केली आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे तेविसावे कलम म्हणते की, मुलाच्या किंवा आईबापांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल त्यांच्यापासून वेगळे करता येणार नाही. आपल्या अधिनियमाचे नववे कलम हे संरक्षण केवळ अपंग मुलापुरते देते. आईबापांविषयीचे अर्धे वाक्य गळून पडले आहे. ते पुन्हा लिहिणे ही पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरी मागणी पैशाची आहे. याच अधिनियमाच्या चोविसाव्या कलमात अपंग स्त्रियांना उपजीविकेसाठी व मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य देण्याचा उल्लेख आहे. पण तो शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. ही मर्यादा कोठे येते हे अर्थसंकल्प ठरवतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. त्यांतील पालकांना दिवसाचे काही तास मदतनीस मिळावा, ही मागणी चैनीची नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईचे दोन्ही हात निकामी आहेत. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर आईची सही नाही म्हणून मुलीला दर सहामाहीला चुलत्यांना न्यावे लागे. अभ्यास घेणारी आई कचेरीच्या खिडकीशी आली की पालक राहत नसे. त्या खिडकीच्या आत आपल्यापैकीच कोणी शिक्षक, कोणी लिपिक बसलेला असतो. संसद ते अर्धे वाक्य लिहील तेव्हा लिहील. तोवर खिडकीशी आलेल्या आईला आई मानण्यास कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.