रोहिणीतली बेगमी

रोहिणीचा पहिला वळीव कोसळून गेला की मातीच्या वासाबरोबरच घराघरांत एक जुनी लगबग जागी होते. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि सांडगे उचलून डब्यांत भरले जातात, कौले चाळून घेतली जातात, सरपण पडवीत रचले जाते, माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात आणि त्यांच्या काड्या उघडून पाहिल्या जातात. कोकणात ही आगोटीची तयारी, गोव्यात पुरुमेंत. नावे निराळी, पण सुकी मासळी, आमसुले, मीठ-मिरची यांनी घर भरून ठेवण्याची रीत एकच. शहरातल्या चौथ्या मजल्यावर कौले नसतात आणि सरपणही नसते, तरी मुलांचे रेनकोट, नवी दप्तरे आणि वह्यांची वेष्टणे यांच्या रूपाने आगोट तिथेही चढून येतेच. पाऊस येणार हे पंचांग सांगते आहे, तर तो दारात उभा राहिल्यावर धावाधाव करणे आपल्या आज्यांना कधी पटले नाही. त्यांची ती शहाणी घाई आपल्या अंगात आजही आहे.

या बेगमीत एक गोष्ट मात्र आपण अजून धरत नाही. मृगाच्या सरी सुरू होतात, जूनच्या मध्यावर शाळा भरतात, एका बाकावर तिघे ओल्या बाह्यांनी एकमेकांना खेटून बसतात, वर्गाच्या खिडक्या पावसाने बंद झालेल्या असतात, आणि आषाढ लागेतो अर्धा वर्ग खोकत असतो. त्याला आपण ‘हवा बदलली’ म्हणतो. त्यातले पुष्कळसे साधे पडसेच असते हे खरे. पण जुलै ते सप्टेंबर हा महाराष्ट्रातल्या इन्फ्लुएंझाचा, म्हणजे फ्लूचा, खरा हंगाम आहे. फ्लू हा थंडीतला आजार ही समजूत आपण थंड देशांच्या पुस्तकांतून उचलली. काश्मीर खोऱ्यात तो हिवाळ्यातच उसळतो, पण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना तो पावसाचे बोट धरून येतो. १९१८ सालच्या १० जूनला मुंबईत गोदीवर पहारा देणाऱ्या एकासह सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, तेव्हाही मृगाचेच दिवस होते. त्या वर्षीच्या साथीला आपल्या पणज्यांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले. तापाने मान धरेनाशा झालेल्या माणसांच्या उशाशी बसून आलेला शब्द आहे तो. पावसाळ्यानंतर ती साथ दुसऱ्यांदा उलटली तेव्हा देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली.

मानमोडी आता कुणाच्या प्रत्यक्ष आठवणीत उरलेली नाही. पण २००९ चा श्रावण आपल्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. ३ ऑगस्टला पुण्यातली एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली. देशातला तो पहिला बळी. थोड्याच दिवसांत शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाच्या आवारात रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. मग रुमालाची तिहेरी घडी करून नाकावर बांधलेली माणसे लक्ष्मी रस्त्यावरून खाली मान घालून चालू लागली. खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी, मुठीत निलगिरीचा बोळा. त्या दिवसांत एखाद्याने बसमध्ये शिंक दिली की शेजारची जागा रिकामी होई. माणसाला माणसाचे भय वाटावे, हे त्या श्रावणातले सर्वांत मोठे दुःख होते.

पुढच्या वर्षी, २०१० च्या जुलैत, त्याच पुण्यातून त्या आजारावरची नाकात फवारायची लस बाहेर पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मध्यस्थीने रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेचे विषाणूबीज सिरम इन्स्टिट्यूटकडे आले, कोंबडीच्या अंड्यांत ते वाढवले गेले, आणि ‘नेझोव्हॅक’ तयार झाली. ज्या गावाने भय पाहिले त्याच गावाने वर्षाच्या आत त्यावरचा उपाय घडवला, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना पुरेशी सांगितलेली नाही. साथ ओसरली, आणि तिच्याबरोबर लसही आपल्या बोलण्यातून ओसरली.

ती लस जवळून पाहण्यासारखी आहे. बोटाच्या पेराएवढी कुपी, तिच्या तळाशी बत्ताशासारखी पांढरी वडी. पाणी सोडले की वडी क्षणात विरघळते. सिरिंजला सुई नसते, तिच्या टोकाशी फवाऱ्याची लहानशी नळी. अर्धा मिलिलिटर द्रव, त्यातला निम्मा उजव्या नाकपुडीत आणि निम्मा डाव्या. मुलाने ताठ बसावे, मान किंचित मागे घ्यावी, नेहमीसारखा श्वास चालू ठेवावा. जोराने ओढून घेण्याची गरज नसते. परदेशात ‘फ्लूमिस्ट’ नावाने मिळणाऱ्या फवाऱ्यात तर दोन्ही नाकपुड्यांत मिळून मिलिलिटरचा पाचवा हिस्सा एवढेच औषध असते. फवारा बसताच मूल शिंकले तर आईचा जीव वरखाली होतो, ‘गेली की हो सगळी बाहेर!’ पण तसे होत नाही, लस पुन्हा द्यावी लागत नाही. नाक चोंदलेले असेल तर मात्र चार दिवस थांबणे बरे.

या दोन थेंबांत जिवंत विषाणू असतो, आणि भल्याभल्यांची पावले इथेच अडखळतात. तो विषाणू थंडीत वाढवून थंडीलाच सरावलेला असतो. दमास्कसमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आयुष्य घालवलेले हुनेन मासाब यांनी १९६० साली मिळवलेला एक विषाणू उतरत्या तापमानात पिढ्यान्‌पिढ्या वाढवत पंचवीस अंशांपर्यंत आणला. तिकडे लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, १९५७ च्या साथीतल्या विषाणूवर असेच संस्कार झाले. पुण्याच्या लसीचे कूळ ते. असा विषाणू नाकाच्या गारव्यात तग धरतो, तिथल्या अस्तराला शत्रूची ओळख करून देतो, आणि शरीराच्या आतल्या ऊबेत त्याचा जोर सरतो. म्हणून छातीत उतरून तो न्यूमोनिया करू शकत नाही. मासाब यांच्या विषाणूपासून लस तयार होऊन तिला अमेरिकेत परवाना मिळाला तो २००३ साली. त्रेचाळीस वर्षे! आंब्याची कोय लावणाऱ्याला नातवासाठी धरावा लागतो तसला हा धीर.

लस घेतल्यावर एक-दोन दिवस नाक वाहते, घसा खवखवतो, मुलांना कधी कणकण येते. याची भीती बाळगू नये. पण जिथे जपायचे तिथे नीट जपायला हवे, आणि ते सांगताना आपण जीभ आखडू नये. दोन वर्षांखालच्या बाळाला हा फवारा देत नाहीत, कारण त्या वयात छातीत घरघर वाढल्याचे चाचण्यांत दिसले. दोन ते चार वर्षांच्या ज्या मुलाला दमा आहे किंवा अलीकडे घरघर झाली आहे, त्यालाही नाही. गरोदर बाईला नाही. कर्करोगाच्या औषधांमुळे वा अन्य कारणाने ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्याला नाही. आणि अस्थिमज्जेचे रोपण झालेला रुग्ण घरी असेल तर त्याच्या सेवेला असणाऱ्यानेही हा फवारा टाळावा, कारण लसीचा विषाणू काही दिवस नाकातून बाहेर पडत राहतो. ॲस्पिरिनवर असलेल्या मुलाला नाही. अमेरिकेत फ्लूमिस्टला परवानगी आहे ती २ ते ४९ या वयाला. वरची यादी वाचून कुणी हिरमुसून जाऊ नये: यांतल्या बहुतेकांसाठी, अगदी सहा महिन्यांच्या बाळापासून गरोदर बाईपर्यंत आणि पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत, मृत विषाणूची, दंडावर किंवा मांडीवर टोचायची लस आहेच. फ्लूमिस्टमध्ये डुकरापासून काढलेले जिलेटिन असते. ज्याच्या धर्माला किंवा आहाराला ते चालत नाही, त्याने घटक विचारून मग ठरवावे. असे विचारण्यात संकोच कसला?

नाकातल्या लसीचे नाव काढले की कुणीतरी स्वित्झर्लंडची गोष्ट सांगतो. ती गोष्ट खरी आहे. २०००-०१ च्या हंगामात तिथे नाकातून द्यायची एक लस बाजारात आली आणि ती घेतलेल्या काही लोकांचा चेहरा एका बाजूने लुळा पडला. डोळा मिटेना, ओठाच्या कडेतून पाणी ओघळू लागले. शोध घेतला तेव्हा आजार आणि लस यांचा संबंध ठळकपणे दिसला. लस मागे घेतली गेली, पुन्हा आली नाही. त्या लसीत मृत विषाणू होता आणि त्याचा परिणाम वाढावा म्हणून एका जिवाणूचे विष त्यात मिसळलेले होते. आजच्या फवाऱ्यांत ते विष नाही. तरीही ती घटना दडवून ठेवण्यापेक्षा सांगितलेली बरी, कारण नंतरच्या प्रत्येक नाकातल्या लसीकडे अधिक बारकाईने पाहिले गेले ते त्या लुळ्या पडलेल्या चेहऱ्यांमुळेच.

गुणाबद्दलही तेवढेच खरे बोलू. २०१३ साली, पुण्यात तयार झालेली याच कुळातली लस बांगलादेशात आणि सेनेगलमध्ये लहान मुलांना देऊन पाहिली गेली. दोन्हीकडे ती सुरक्षित ठरली. बांगलादेशात तिने निम्म्याहून अधिक, म्हणजे ५७ टक्क्यांच्या आसपास, संरक्षण दिले; सेनेगलमध्ये जवळजवळ काहीच नाही. लस एक, साल एक, मुलांचे वयही तेच. अमेरिकेतही २०१६ पासून दोन हंगाम फवारा बाजूला ठेवावा असा सल्ला तज्ज्ञ समितीने दिला, कारण स्वाइन फ्लूच्या विषाणूपुढे तो उणा पडत होता. लसीतला तो घटक बदलल्यावर २०१८ च्या हंगामापासून फवारा पुन्हा स्वीकारला गेला. फवारा की सुई, हा प्रश्न म्हणूनच हट्टाचा करू नये. सुईच्या धास्तीने ज्या घरात दर वर्षी लस राहूनच जाते, तिथे फवारा मोलाचा. जिथे डॉक्टर सुई सुचवतात तिथे सुई घ्यावी. रिकामे राहू नये, एवढे मात्र आपण आग्रहाने म्हणतो.

गुढी दर वर्षी नवी उभारावी लागते, गेल्या पाडव्याची कडुनिंबाची डहाळी यंदा चालत नाही. फ्लूच्या लसीचेही तसेच आहे. विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत ते ठरवते. आपण उत्तर गोलार्धात राहतो खरे, पण आपला हंगाम पावसाळी. म्हणून आगोटीला घ्यायची ती आधीच्या सप्टेंबरात ठरलेली लस. यामागाता नावाची बी गटातली एक शाखा तर मार्च २०२० नंतर जगात खात्रीने कुठे सापडलेलीच नाही. आपण मास्क बांधून घरात बसलो त्या काळात ती विझली असावी; चार विषाणूंच्या लसी त्यामुळे पुन्हा तीनच्या होत आहेत.

ब्रिटनने २०१३ पासून लहान मुलांना नाकातला फवारा देणे सुरू केले, तेव्हा त्यामागचा विचार केवळ मुलांपुरता नव्हता. नातू शाळेतून ताप आणतो आणि आजीच्या मांडीवर डोके ठेवतो. नातवाचा ताप चौथ्या दिवशी उतरतो. आजीचा खोकला छातीत उतरतो आणि दिवाळीपर्यंत तिला उभे राहू देत नाही. आपल्याकडच्या घरांत तर तीन पिढ्या एका खोलीत निजतात. मुलाच्या नाकात गेलेले ते दोन थेंब आजीच्या उशाशीही पहारा करतात. आजीने स्वतःची सुई घ्यायची ती वेगळीच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची अकादमी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दर वर्षी ही लस द्यावी असे सांगते, पण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस अजून नाही. ज्याच्या खिशाला झेपते त्याने घ्यावी आणि ज्याला झेपत नाही त्याच्या मुलाने खोकावे, हे काही चांगल्या आगोटीचे लक्षण नव्हे. वाडीतल्या गरिबाचे छप्पर शाकारायला शेजार धावत असे. पालिकांनी, शाळांनी आणि सार्वजनिक मंडळांनी ती रीत इथेही चालवली तर गणपतीच्या मंडपातली गर्दी निर्धास्त होईल.

लसीचा परिणाम धरायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणजे एक नक्षत्र. नऊ वर्षांखालच्या मुलाला फ्लूची लस आयुष्यात पहिल्यांदाच मिळत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. पहिली आज रोहिणीत घेतली, तर मधला मृग गेला की दुसरी आर्द्रेत. पंचांग आणि वैद्यक यांचा असा मेळ आपोआप बसला आहे.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर दुधाचे खाडे असतात, गॅसची टाकी लावल्याची तारीख असते, कुणाच्या बारशाची खूण असते. त्याच पानावर या आठवड्यात पेन्सिलीने दोन ओळी लिहून ठेवू: नातू, दोन्ही नाकपुड्या; आजी, डावा दंड. आणि दवाखान्यात जाताना छत्री बरोबर घेऊ, दुपारनंतर पश्चिमेकडे आभाळ भरून येते आहे.