राखीव खुर्चीचा मालक कोण?



आमदाराला शिव्या घालायला अक्कल लागत नाही. चहाच्या टपरीवर बसून कुणीही घालतो आणि कप खाली ठेवून घरी जातो. तेवढ्यासाठी कागद काळे करायचं काही कारण नाही. मला हिशेब मांडायचाय, आणि तोही माणसापेक्षा खुर्चीचा जास्त. खुर्ची माझ्याच मतदारसंघातली आहे. औरंगाबाद पश्चिम. शहराचं नाव 2023 साली छत्रपती संभाजीनगर झालं, तरी 2024 च्या निवडणुकीत मतदारसंघाच्या कागदावर जुनंच नाव होतं.

2008 च्या पुनर्रचनेत ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. त्यानंतर 2009, 2014, 2019, 2024 अशा चार निवडणुका झाल्या. चारही वेळा एकच माणूस निवडून आला : संजय शिरसाट. आधी महापालिकेत नगरसेवक, मग आमदार. सप्टेंबर 2024 मध्ये सिडकोचं अध्यक्षपद. 15 डिसेंबर 2024 ला नागपुरात शपथ आणि कॅबिनेट मंत्रिपद. खातं कोणतं? सामाजिक न्याय! म्हणजे आपल्या पोरांची शिष्यवृत्ती, वसतिगृहं, स्वाधार योजना, सगळं ज्या टेबलावरून जातं ते टेबल. अशी चढती कारकीर्द आपल्या किती माणसांच्या वाट्याला येते? म्हणून तर ती तपासायची.

पहिल्या तीन वेळा ते निवडून आले ते अखंड शिवसेनेच्या तिकिटावर. ही कोणती शिवसेना? 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. माणसं मारली गेली. नुसतं नाव लागायला, तेही विस्तार करून, 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. या सोळा वर्षांत नामांतराला विरोध करत मराठवाड्यात पाय रोवले ती ही शिवसेना. 1987-88 ला 'रिडल्स'वरून बाबासाहेबांच्या ग्रंथाविरुद्ध रस्त्यावर उतरली ती हीच. आणि राज्यघटनेनं आपल्यासाठी ठेवलेली जागा या शहरात चारदा जिंकली ती याच घरातल्या उमेदवारानं. यात बेकायदेशीर काहीच नाही. खरी गोम तिथंच आहे. हे कायद्यानंच होतंय, पोरांनो!

आता दोन तारखा शेजारी ठेवा.

पहिली, जून 2022. शिवसेना फुटली. एकनाथ शिंदेंबरोबर आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. शिरसाट त्यात होते. त्यांनी उद्धव ठाकरेंना लिहिलेलं पत्र सगळ्या देशानं वाचलं. तक्रार काय? तर 'वर्षा' बंगल्याचं दार आमदारांना बंद होतं, मुख्यमंत्री भेटत नव्हते, भोवतीच्यांची मनधरणी करावी लागायची, अयोध्येला जाऊ दिलं नाही. ज्या 16 आमदारांना अपात्र करा म्हणून अर्ज झाला त्यात त्यांचं नाव होतं. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याची तलवार दीड वर्ष डोक्यावर टांगलेली. 10 जानेवारी 2024 ला अध्यक्षांनी अर्ज फेटाळले तेव्हा सुटका झाली. म्हणजे या गड्यात आमदारकी पणाला लावायची धमक आहे. हे मी नाकारत नाही. उलट तेच मला ठसठशीत लिहून ठेवायचंय.

दुसरी तारीख, मे 2025. लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी रुपये वळवले गेले. आदिवासी खात्याचे 335 कोटी वेगळे. खात्याचे मंत्री शिरसाट. आपल्याला न विचारता पैसा नेला, अर्थखात्याची मनमानी चाललीय, खातं नको असेल तर बंदच करून टाका, असा त्यांनी वर्तमानपत्रांपुढे संताप केला. संताप खरा असेल. मी त्यांच्या मनात शिरलेलो नाही. पण पुढं काय? या पैशासाठी गुवाहाटी झाली नाही. राजीनामा पडला नाही.

मुख्यमंत्र्याचं दार बंद होतं तर आमदारकी पणाला. दलित पोराची तिजोरी उघडी पडली तर पत्रकारांपुढे दोन वाक्यं. या दोन तारखांमधल्या अंतरात राखीव जागेच्या आमदाराची सगळी कारकीर्द मावते, मग त्याचं नाव काहीही असो.

सरकारची बाजूही ऐका, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. सरकार म्हणतं, हा पैसा वळवलेलाच नाही. अनुसूचित जातीच्या बायकांनाही 1500 रुपये मिळतात, त्यांचा हिस्सा त्यांच्या निधीतून दिला. वा रे न्याय! बाकीच्या बहिणीला सरकार सर्वसाधारण तिजोरीतून ओवाळणी घालणार, आणि आमच्या बहिणीला तिच्याच पोराच्या शिष्यवृत्तीच्या डब्यातून काढून देणार? 1979 च्या सुमारास विशेष घटक योजना आली ती कशासाठी? सगळ्यांना जे मिळतं ते तर आम्हाला मिळावंच, वर मागचं अंतर भरून काढायला वेगळा पैसा मिळावा, यासाठी. माझ्या आईच्या हातात 1500 टेकवून माझ्या भावाचं वसतिगृह रखडवायचं, याला मदत म्हणत नाहीत. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात घालून दान केल्याचा आव आहे हा.

मग मंत्री गप्प का बसतो? तो वाईट आहे म्हणून? एवढं सोपं असतं तर माणूस बदलून भागलं असतं. मुळाशी जा. ऑगस्ट 1932 च्या जातीय निवाड्यानं आपल्याला दोन मतं दिली होती. एक आपला माणूस आपणच निवडायला, दुसरं सर्वांबरोबर. गांधींनी येरवड्यात उपोषण मांडलं, 24 सप्टेंबरला पुणे करार झाला, जागा वाढून 148 झाल्या आणि आपला माणूस आपण निवडायचा हक्क गेला. करारात निदान चार जणांचं पॅनेल आपल्या मतांनी निवडायची प्राथमिक फेरी होती. घटनेनंतर तीही राहिली नाही. आज महाराष्ट्रातल्या 288 पैकी 29 जागा आपल्या नावच्या आहेत. उमेदवार आपल्या जातीचा, तिकीट पक्षाचं, मतं सगळ्यांची, आणि निवडून आल्यावर व्हिप पुन्हा पक्षाचा. ज्यानं तिकीट दिलं त्याच्याकडं तो बघणार. तुमच्याकडं कशाला बघेल?

पुणे कराराला 50 वर्षं झाली तेव्हा, 1982 साली, कांशीरामांनी 'चमचा युग' हे पुस्तक लिहिलं. आपण त्यातला एक शब्द उचलून शिवी केली. ती शिवी नव्हे, ते यंत्राचं वर्णन आहे. यंत्राला शिवी देऊन ते थांबत नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं बाबासाहेबांच्या हयातीत, 1955 सालीच, कायदेमंडळातल्या राखीव जागा रद्द करा असा ठराव केला. त्या जागा 2030 पर्यंत वाढवून घ्यायला मात्र सगळे पक्ष एका सुरात तयार झाले. का तयार झाले, याचा विचार करा जरा.

आणि आमदार काय करू शकतो ते बघायचं तर 1937 कडं बघा. स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई इलाख्यात 17 जागा लढवून 14 जिंकल्या. सत्ता नाही, खातं नाही, लाल दिवा नाही. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून आले. 7 नोव्हेंबर 1938 ला कामगारांचा संप मोडणाऱ्या कायद्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. आत भाषण, बाहेर माणसं. विधेयक तेव्हा पास झालं नाही, पण खोती 1949 च्या कायद्यानं गेलीच. 14 जणांनी हे केलं, कारण त्यांना तिकीट देणारा आणि रस्त्यावर उभा असलेला एकच होता.

आपलं घरही झाडून घेऊ. 1998 ला प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चौघे लोकसभेवर गेले, तेही खुल्या जागांवरून. काँग्रेसशी युती होती, तरी एकी दिसली. पुढं ती टिकली? आपण चार गटांत चार निळे झेंडे लावणार, मतं वाटून घेणार, आणि मग शिरसाट निवडून आले म्हणून कपाळ बडवणार. खुर्ची रिकामी ठेवली की कुणीतरी बसणारच की!

मग करायचं काय? नागसेनवनातल्या पोरांनो, मिलिंदच्या झाडाखाली बसून नुसती चर्चा नको. समाजकल्याण कार्यालयातून माहितीच्या अधिकारात दर तीन महिन्यांनी आकडे काढा : किती मंजूर, किती आले, किती गेले, कुठं गेले. ते वस्तीवस्तीत फळ्यावर लिहा. निधी वळवता येणार नाही असा कायदा मागा. आंध्र आणि कर्नाटकानं 2013 साली केला. पण कायदा झाला की झोपू नका. कर्नाटकात कायदा असताना 2023 साली गॅरंटी योजनांसाठी या निधीतल्या 11 हजार कोटींवर हात पडलाच. आणि पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा राखीव उमेदवार मत मागायला आला तर हार घालायच्या आधी एकच प्रश्न विचारा : आमचा पैसा जाईल त्या दिवशी तू गुवाहाटीला जाणार का?

उत्तर लिहून घ्या. सही घ्या. तारीख टाका.

जयभीम.