विश्लेषण : कुत्र्याचे पिल्लू आणले, आता क्रेटही आणावा का? खान्देशात उत्तर वेगळे का?

जळगाव असो वा धुळे, नवे पिल्लू घरी आले की पहिल्या आठवड्यातच घरात वाद सुरू होतो. पिल्लू रात्रभर कुईकुई करते. सकाळी हॉलमध्ये तीन ठिकाणी शू केलेली असते आणि चपलेचा एक अंगठा गायब झालेला असतो. मुले मोबाइलवर उपाय शोधतात, तर परदेशी प्रशिक्षक सांगतो, ‘क्रेट घ्या, सगळे प्रश्न सुटतील’. आजी म्हणते, ‘मुक्या जिवाला कोंडून ठेवायचे होते तर आणले कशाला?’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण व्हिडीओतील प्रशिक्षकाने जळगावची मे महिन्यातील दुपार पाहिलेली नसते आणि निर्णय नेमका तिथेच अडतो.

क्रेट म्हणजे नेमके काय?

क्रेट म्हटले की खान्देशात आधी डोळ्यांसमोर येते ती भाजी-फळांची प्लास्टिकची पेटी, जिला बाजारात ‘कॅरेट’ म्हणतात. कुत्र्यासाठीचा क्रेट म्हणजे लोखंडी तारेचा, घडी घालता येणारा पिंजरा किंवा दार असलेली प्लास्टिकची पेटी. कुत्र्याला आत ताठ उभे राहता यावे, सहज वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे, एवढे त्याचे माप असावे लागते. आत अंथरूण आणि पाणी असते. क्रेटची सवय लावणे म्हणजे पिल्लाला आत कोंडणे नव्हे. ते आपणहून आत जाऊन झोपेल इतकी ती जागा त्याला आपली वाटायला लावणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. अमेरिकेत ही पद्धत घरोघरी रुळली आहे. आपल्याकडे मात्र अनेकदा पेटी येते आणि पद्धत मागे राहते.

क्रेटच्या बाजूने काय सांगता येते?

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू जे दिसेल ते तोंडात घालते. कूलरची वायर, फिनेलची बाटली, उंदरांसाठी ठेवलेले औषध, कांद्याच्या साली यांतले काहीही त्याच्या जिवावर बेतू शकते. घरातील माणसे अंघोळीला किंवा स्वयंपाकाला गेली असताना अर्धा तास पिल्लू सुरक्षित जागी असणे ही सोय मोठी आहे.

दुसरी गोष्ट शी-शूच्या सवयीची. कुत्रा शक्यतो झोपण्याची जागा घाण करत नाही. बेताच्या मापाच्या क्रेटमध्ये झोपलेले पिल्लू उठताच कुईकुई करते. त्याच क्षणी त्याला अंगणात किंवा खाली नेले की सवय लवकर लागते. तिसरी गोष्ट झोपेची. या वयातील पिल्लाला दिवसरात्र मिळून 18 ते 20 तास झोप लागते. घरात मुले आणि पाहुण्यांची वर्दळ असेल तर त्याला कुणी हात लावणार नाही असा एक कोपरा हवाच असतो.

चौथी गोष्ट पुढच्या आयुष्याची. जनावरांच्या दवाखान्यात ठेवण्याची वेळ आली, शस्त्रक्रियेनंतर हालचाल कमी ठेवायची असली किंवा मोटारीतून लांबचा प्रवास असला, तर बंद जागेची सवय असलेला कुत्रा बिथरत नाही. रेल्वेतही प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातील संपूर्ण आरक्षित कूपे किंवा केबिन मिळाली नाही, तर कुत्र्याला गार्डच्या डब्यातील श्वानपेटीतून जावे लागते. आयुष्यात पहिल्यांदा कोंडले जाण्याचा अनुभव तिथे येणे बरे नाही.

‘कुत्रा गुहेत राहणारा प्राणी आहे’ हे खरे का?

क्रेटच्या समर्थनार्थ हे वाक्य हमखास ऐकवले जाते. ते अर्धेच खरे आहे. कुत्री विण्यासाठी आडोसा शोधते, कधी जमीन उकरून बीळ करते आणि पिल्ले लहान असेपर्यंत तिथे राहते. कोलकात्याच्या ‘आयसर’मधील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भारतातील मोकळ्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास करत आहेत. या गटाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की कुत्र्या विण्यासाठी माणसांच्या वस्तीजवळची जागा पसंत करतात.

यातून दोन गोष्टी कळतात. आडोसा पिल्लाला आवडतो, पण तो काही आठवड्यांपुरता असतो आणि त्याला दार नसते. दुसरे म्हणजे, पिल्लाला आडोशाइतकीच आसपासच्या जिवंत सोबतीची गरज असते. माणसांच्या खोलीत, बाजूला ठेवलेला क्रेट आणि बंद घराच्या गॅलरीत ठेवलेला क्रेट या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

खान्देशात अडचण कुठे येते?

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास आणि काही वर्षी त्याही पुढे जातो. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण 38 ते 39 अंश असते. माणसासारखा त्याच्या अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग आहे. भोवतालची हवा शरीरापेक्षा गरम असेल आणि ती खेळतही नसेल, तर हा मार्ग अपुरा पडतो. पग किंवा शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींत तो आधीच अरुंद असतो. हस्कीच्या अंगावर तर थंड प्रदेशासाठीची दुहेरी लोकर असते.

पण उन्हाळ्यात गल्लीतील कुत्री पाहिली की त्यांचा आणखी एक उपाय दिसतो. सकाळी ती भिंतीच्या सावलीला असतात. ऊन सरकले की उभ्या ट्रॅक्टरखाली जातात, दुपारी रांजणाजवळच्या ओल्या मातीत किंवा कूलरचे पाणी ठिबकते तिथे पोट टेकून पडतात. जागा बदलणे हा कुत्र्याचा उन्हावरचा पहिला इलाज आहे. बंद क्रेट नेमका तोच काढून घेतो. सकाळी दहाला सावलीत ठेवलेला पिंजरा दोन वाजता उन्हात असू शकतो. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, पत्र्याच्या खोलीची तर भट्टी होते. कूलर लावून गेलो म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण वीज जाते आणि कूलरचे पाणी संपते. पिल्लू आत असते आणि दार बाहेरून लावलेले असते.

उष्माघाताची लक्षणे ओळखता यायला हवीत. धाप थांबत नाही, तोंडातून चिकट लाळ गळते, हिरड्या गडद लाल होतात, चालताना तोल जातो, उलटी होते. अशा वेळी पिल्लाला सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, पंख्याखाली ठेवावे आणि लगेच पशुवैद्यक गाठावा. पण हे सारे कुणीतरी घरात असेल तरच शक्य आहे.

हिवाळ्यातही अडचण आहे. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा काही वेळा 6 अंशांच्या खाली उतरतो. गॅलरीतील तारेच्या पिंजऱ्यात, लोखंडी तळावर झोपलेले पिल्लू गारठते आणि तिथून उठून चुलीजवळ जाऊ शकत नाही.

मग साखळी बरी का?

क्रेटला नाक मुरडणाऱ्या अनेक घरांत कुत्रा ओट्यावर किंवा जिन्याखाली साखळीला बांधलेला असतो. आधी राखणीसाठी शेतात आणि वाड्यात ही पद्धत होती. पण शेतातील कुत्रा दिवसाचा बराच काळ मोकळा फिरे, गडी माणसांसोबत असे. कॉलनीतील बंगल्यात राहिली ती फक्त साखळी. सतत बांधलेला कुत्रा भुंकरा आणि चिडका होतो; ऊन त्यालाही तेवढेच लागते. शिवाय साखळी पायात किंवा गळ्यात अडकण्याचा धोका असतोच. ‘पिंजरा क्रूर आणि साखळी चालते’ ही समजूत म्हणूनच तपासून पाहण्यासारखी आहे. दोन्हींत प्रश्न एकच आहे. पिल्लू किती वेळ अडकून राहते आणि त्या वेळात त्याच्याकडे कोण पाहते?

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 मध्ये तिन्ही गोष्टी आल्या आहेत. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे या तिन्हींना क्रूरता मानले आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र 10 ते 50 रुपये आहे. साठ वर्षांपूर्वीचा हा आकडा आज धाक घालत नाही, त्यामुळे खरा अंकुश घरातल्यांच्या समजुतीचाच राहतो. श्वान प्रजनन आणि विक्रीबाबतच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आईपासून त्याआधी तोडलेले पिल्लू क्रेटमध्ये ठेवले काय आणि बाहेर ठेवले काय, रडणारच.

स्वीडनमध्ये तर घरात कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवण्यास प्रवासासारख्या मोजक्या प्रसंगांखेरीज मनाई आहे. म्हणजे ‘परदेशात सगळे करतात’ हेही पूर्ण खरे नाही.

वापरायचाच तर कसा?

पहिला आठवडा दार उघडेच ठेवावे. जेवणाची वाटी आत ठेवावी, पिल्लू आपणहून आत जाईल तेव्हा शाबासकी द्यावी. नंतर ते जेवत असताना दोन मिनिटे दार लावावे, मग पाच, मग दहा. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कधीही टाकू नये. एकदा ती कोठडी झाली की पुन्हा झोपायची जागा होत नाही. आत ठेवताना गळ्यातील पट्टा काढावा, तो तारेत अडकून फास बसू शकतो.

वेळेचा साधा ठोकताळा असा, की पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवून तितके तास ही लघवी धरण्याची कमाल मर्यादा. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी ती फार तर तीन तास होते आणि प्रत्यक्षात त्याआधीच बाहेर न्यावे लागते. रात्री गजर लावून उठणे त्यात आलेच. क्रेट माणसांच्या झोपण्याच्या खोलीत, जमिनीवर, हवा खेळेल असा ठेवावा. वाढत्या लॅब्रॉडॉरला काही महिन्यांतच तो अपुरा पडतो, हे खरेदीआधीच लक्षात घ्यावे.

आणि खान्देशापुरता एक नियम पक्का असावा. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत, घरात जागे माणूस नसेल तर दुपारी क्रेटचे दार लावायचे नाही. याला अपवाद नको.

क्रेटशिवाय काय करता येते?

बऱ्याच घरांत क्रेटची गरजच नसते. खोलीच्या दाराला कमरेइतकी जाळी लावली, वायरी उचलून ठेवल्या, फिनेल वरच्या फळीवर गेले, की ती खोली पिल्लाची होते. तळमजल्यावरची, फरशीची, पश्चिमेचे ऊन न येणारी खोली उन्हाळ्यात सर्वांत चांगली. गावाकडे धाब्याचे घर असेल तर त्याइतकी थंड जागा दुसरी नाही. अशा खोलीत पिल्लू पंख्याखालून दाराशी आणि दाराशीहून ओल्या पोत्यावर जाऊ शकते. त्याला जागा बदलता येते, हाच सर्वांत मोठा फरक. खोलीत एका कोपऱ्यात उघड्या दाराचा क्रेट ठेवला तर दोन्ही सोयी साधतात.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्वो आणि डिस्टेंपरच्या भीतीने पिल्लू घरातच ठेवले जाते, ते योग्यही आहे. पण साधारण तीन ते चौदा आठवडे हाच काळ जग ओळखण्याचा असतो. तो सगळा तारेच्या आड गेला तर पुढे कुत्रा फटाक्याला, अनोळखी माणसाला, दुचाकीच्या आवाजाला घाबरतो. कडेवर घेऊन त्याला मेहरुण तलावाची सकाळ किंवा देवपुरातील रस्ता दाखवायला हरकत नसते.

निर्णय कसा घ्यावा?

क्रेट घ्यावा की नाही, हा प्रश्न दुकानात उभे राहून सुटत नाही. त्याआधी घरात एक प्रश्न विचारावा लागतो. दुपारी बारा ते पाच घरात कोण असते? आजी-आजोबा, घरून काम करणारे कुणी किंवा दुपारी जेवायला घरी येणारे कुणी असेल, तर क्रेट उपयोगी साधन ठरू शकतो आणि बहुधा त्याचे दार उघडेच राहील. दोघेही नोकरीवर, मुले शाळा-क्लासला आणि घराला कुलूप असेल, तर क्रेट हा उपाय नाही. तिथे क्रेट पिल्लाच्या सोयीसाठी येत नाही, माणसांच्या वेळेची उणीव झाकायला येतो. अशा घराने क्रेट नव्हे, पिल्लूच पुढे ढकलावे.

आणायचेच ठरले तर वेळही निवडता येते. आखाजीच्या सुटीत मुलांचा हट्ट म्हणून आणलेले पिल्लू ऐन भट्टीत सापडते आणि शाळा उघडली की एकटे पडते. दिवाळीचे फटाके संपल्यावर आणलेल्या पिल्लाला तीन-चार महिने मिळतात. थंडीच्या रात्री त्याला उबदार पोते तेवढे लागते. उन्हाळा येईपर्यंत ते पाच-सहा महिन्यांचे होते, घर त्याला कळलेले असते, वायर चावण्याची खोडही बरीच कमी झालेली असते. तोवर बहुतेक घरांत क्रेट माळ्यावर गेलेला असतो आणि कुत्रा पंख्याखाली, स्वतः निवडलेल्या फरशीवर झोपलेला असतो.