एका शिवीचें व्याकरण

सभेंत वक्त्याची जीभ एकदां तापली, कीं प्रतिपक्षाला भ्याड म्हणून त्याचें समाधान होत नाहीं. तो त्याला ‘हिजडा’ म्हणतो, श्रोते टाळ्या पिटतात, आणि प्रकरण फारच रंगलें तर बांगड्यांचा आहेर धाडण्यांत येतो. टाळ्या पिटणारांत केवळ आडदांड मंडळीच असतात असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांच्या घरीं पुस्तकांनीं भरलेलीं कपाटें आहेत, आईबहिणीवरून शिवी दिली म्हणून जे मुलांना उठाबशा काढावयास लावतात, त्यांनाही या शब्दांत कांहीं गैर वाटत नाहीं. आमचा वाद त्यांच्याशींच आहे.

ते म्हणतील, “शब्दाचा एवढा कीस कशाला? कोणा तृतीयपंथीयाला उद्देशून तो थोडाच उच्चारला आहे?” आम्ही म्हणतों, मुख्य अन्याय तोच! भांडण दोघांचें, आणि अब्रू जाते तेथें हजरही नसलेल्या तिसऱ्याची. ‘चोर’ म्हटल्यानें निदान एक कृत्य तरी सांगितलें जातें. या शब्दानें कोणतें कृत्य सांगितलें जातें? कोणतेंच नाहीं. माणसाचें नुसतें असणें हाच दोष ठरतो, आणि वर त्या असण्यावर भेकडपणाचा आळ घातला जातो.

हा आळ खोटा आहे याचा दाखला आमच्या महाभारतांतच मिळतो. गाई सोडवून आणण्याच्या वल्गना करणारा राजपुत्र उत्तर कौरवसेना दिसतांच रथांतून उडी टाकून पळत सुटतो. त्याच्यामागें वेणी उडवीत धांवून त्याला धरून आणते ती बृहन्नडा. तें दृश्य पाहून हंसणारे सैनिक तेव्हांही होतेच. आणि नवल असें, कीं तोच अर्जुन पुढें कुरुक्षेत्रावर गळाठला तेव्हां त्याला सावध करावयास गीतेंतही शब्द सांपडला तो ‘क्लैब्य’ हाच! तेव्हां हें पाप केवळ परकीयांच्या माथीं मारतां येणार नाहीं. त्यांनीं त्यांत भर घातली, हें खरें. 1871 सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें हिजड्यांच्या नोंदवह्या ठेवावयास सांगितलें, आणि नोंद झालेली व्यक्ति रस्त्यांत स्त्रीवेषांत आढळली तर तिला वॉरंटावांचून पकडण्याची मुभा दिली. शिवीला सरकारी शिक्का मिळाला तो असा.

मराठी भाषा या बाबतींत मराठी माणसाहून शहाणी दिसते. शौर्य नपुंसकलिंगी, धैर्य नपुंसकलिंगी, इतकेंच काय, पौरुषसुद्धां नपुंसकलिंगी! मर्दुमकी स्त्रीलिंगी. आणि भेकडपणा, पळपुटेपणा हे मात्र अस्सल पुल्लिंगी. व्याकरणावरून नीति ठरत नाहीं हें आम्ही जाणतों. पण सभा गाजविणाऱ्यांनीं एकदां शब्दकोश उघडावयास हरकत नाहीं.

शिवीचें मूळ कोठें आहे तें बांगड्याच सांगतात. स्त्रीच्या हातांत त्या सौभाग्य, पुरुषाच्या हातांत नामुष्की. ‘बायल्या’ या शब्दांत तर आडपडदाही नाहीं. हिजड्याच्या वांट्याला आलेली ही लाज मुळांत त्याची नव्हेच. ती स्त्रीपासून उसनी घेतलेली आहे. टाळ्या पिटणाऱ्यांच्या शेजारीं त्यांच्या बायका-मुली बसलेल्या असतात, आणि त्याही हंसतात, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें.

यावर कांहीं सज्जन नवा शब्द सुचवितात. किन्नर म्हणजे देवलोकींचे गायक. तोही शब्द आतां डोळे मिचकावून उच्चारला जातो. ‘छक्का’ तर बिचारा सहाचा आंकडा. क्रिकेटच्या मैदानावर त्याला टाळ्या, शाळेच्या पटांगणावर त्याच्यानें रडें. जोंवर तिरस्कार कायम आहे तोंवर नवें भांडें दुसऱ्या दिवशीं तितकेंच कळकतें. म्हणूनच लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीं 2012 सालीं आपल्या आत्मकथनाच्या नांवांतच ‘हिजडा’ हा शब्द निःसंकोचपणें घातला, तें आम्हांस योग्य वाटतें. शब्द ज्यांचा होता त्यांनीं तो परत घेतला. तो शिवी म्हणून वापरण्याचा आपला हक्क त्यामुळें वाढला नाहीं, संपला.

15 एप्रिल 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. 2019 सालच्या कायद्यानें त्यांचा शाब्दिक छळ शिक्षापात्र ठरविला. परंतु एका पुढाऱ्यानें दुसऱ्याला दिलेल्या शिवीबद्दल फिर्याद कोणी करावी?

आणि शाळेंतल्या त्या मुलानें कोठें जावें? त्याची चाल किंचित् नाजूक, आवाज पातळ, मैदानापेक्षां त्याला भातुकली प्रिय. दहाव्या वर्षीं त्याला हीं सर्व नांवें मिळतात. आपण कोण आहों हें उमजण्यापूर्वींच त्याची लाज त्याला पाठ झालेली असते. गुरुजी ऐकतात आणि फळ्याकडे वळतात. तो घरीं कांहीं सांगत नाहीं. कारण आदल्या रात्रीं बातम्या पाहतांना वडिलांनीं एका मंत्र्याला उद्देशून तोच शब्द वापरलेला त्यानें ऐकलेला असतो.